भुंग्याला घराबाहेर काढायच्या आधी

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. साडेपाच वर्षांची मुलगी, कपाटावर राहणारा 'भुंग्या' नावाचा तिचा न दिसणारा मित्र आणि "दोन आठवड्यांत हे खूळ तिच्या डोक्यातून काढून द्या" म्हणणारी आई. समुपदेशक म्हणून एकटीने हाताळायची तुझी ही पहिलीच केस. पत्राच्या सुरावरून एवढं कळतं की तू मनातल्या मनात मुलीची बाजू घेऊन बसली आहेस. ती जरा बाजूला ठेव. मुलीला तुझी फारशी गरज नाही, आईला आहे. आणि जिला पहिल्याच भेटीत आपण नापास झालो असं वाटतं, ती बाई दुसऱ्या भेटीला येत नाही. तिच्याबरोबर मुलगीही येत नाही.

"हा आजार नाही ना?" असं तू शेवटी हळूच विचारलं आहेस. नाही. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता. यात न दिसणारे मित्र आले, तशाच ज्यांना मुलांनी नाव, स्वभाव, आवडीनिवडी दिल्या अशा बाहुल्या आणि कापडी प्राणीही आले. शाळेत जायला लागलं की हे आपोआप थांबतं हा समजही त्याच अभ्यासात टिकला नाही. बालवाडीच्या वयात 28 टक्के मुलं असा मित्र बाळगून होती, तर सहा-सात वर्षांच्या वयात 31 टक्के. म्हणजे तुझ्या केसमधली मुलगी अगदी मधोमध आहे.

ही टक्केवारी तुझ्यासाठी आहे. आईला ती पहिल्या दहा मिनिटांत ऐकवलीस तर तिला एवढंच ऐकू येईल की तू तिची काळजी मोडीत काढलीस. दुसरा एक मोह होईल, तोही आवर. 2009 मध्ये ट्रिओन्फी आणि रीस यांनी न्यूझीलंडमधल्या साडेपाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या कामात असा सवंगडी असलेली मुलं गोष्ट अधिक भरघोस सांगत होती, शब्दसंग्रहात मात्र फरक नव्हता. हे वाचून "हुशार मुलांनाच असा मित्र असतो" असं सांगावंसं वाटतं. एक तर मित्रामुळे गोष्ट चांगली झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीवर ताबा हवा असलेली आई हे ऐकून दुसऱ्या टोकाला जाते आणि भुंग्याचाच रोज अर्ध्या तासाचा वर्ग भरवते. तो ताबा बंदीपेक्षा बरा नाही.

पहिल्या भेटीला मुलीला आणू नकोस. आई-वडील दोघंही घरात असतील तर दोघांना बोलव, पन्नास मिनिटं ठेव, त्यातली शेवटची वीस मिनिटं दोघांना वेगवेगळं भेट. "ती नेहमी असंच करते" या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. "काल काय झालं? किती वाजता? खोलीत कोण कोण होतं? आधी तुम्ही तिला काय सांगितलं होतं? मग तिने काय म्हटलं, तुम्ही काय केलंत, आणि ते कशावर थांबलं?" हे प्रश्न एकाच प्रसंगाबद्दल, याच क्रमाने विचार. मग दुसरा प्रसंग. दोन प्रसंग पुरे होतात. तिसऱ्यात माणसं स्वतःच्याच तक्रारीला रंग चढवायला लागतात.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "हे असंच चालू राहिलं, तर अजून पाच वर्षांनी काय होईल असं वाटतं?" उत्तर आलं की मध्ये बोलू नकोस. कोणाला वेड लागण्याची भीती असते. कोणाला वाटतं मुलगी खोटारडी होणार. कोणाला एकलकोंडेपणाची धास्ती, कोणाला चार लोकांत होणाऱ्या हशाची लाज, काही घरांत भुताखेताची शंकाही असते. या प्रत्येक भीतीला वेगळं उत्तर लागतं. वेडाची भीती असेल तर धोक्याच्या खुणा एकेक करून तिच्यासमोर तपास, त्या मी पुढे लिहिल्या आहेत. एकलकोंडेपणाची असेल तर शाळेत ती कोणाशी खेळते, मधल्या सुट्टीत काय करते याची माहिती बाईंकडून मागव. असा मित्र असणारी मुलं सरसकट बुजरी नसतात, पण ही मुलगी बुजरी आहे का हे टक्केवारीवरून नव्हे, शाळेतूनच कळेल. भीती ओळखल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो, कारण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

आणि बहुतेक ताबेबाज पालकांच्या पोटात, उघड न बोललेली, आणखी एक भीती असते: पोर माझ्या हातातून निसटतंय. घरातला प्रत्येक कोपरा माझ्या माहितीचा आहे, फक्त कपाटाच्या वरचा सोडून. ही भीती तू मोठ्याने बोलून दाखवू नकोस. ती धरून पुढचं काम आख, म्हणजे झालं.

आखायचं कसं, तर एक फरक हाताशी ठेव. पालकत्वाचे संशोधक ब्रायन बार्बर यांनी 1996 मध्ये पालकांच्या नियंत्रणाचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे मांडले. वागण्यावरचं नियंत्रण म्हणजे झोपायची वेळ, कुठे जायचं, काय करायचं नाही, मारामारी केली तर काय होईल. मनावरचं नियंत्रण म्हणजे मुलाने काय विचार करायचा, त्याला काय वाटायला हवं यात हात घालणं, आणि त्यासाठी अपराधी वाटायला लावणं, अबोला धरणं, माया काढून घेणं. पहिलं वाजवी प्रमाणात मुलांना आधार देतं. दुसऱ्याचा संबंध मुलांच्या उदासीशी आणि चिंतेशी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. तुझ्या केसमधली आई "दूध सांडलं तर पुसायचं" म्हणते तेव्हा ती पहिल्या प्रकारात असते. "भुंग्या नाहीये असं म्हण, म्हटल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही" म्हणते तेव्हा दुसऱ्यात. तिला "नियंत्रण सोडा" म्हणून सांगायचं नाही. ती सोडणार नाही, आणि सोडलं तरी आठवड्याने दुप्पट जोराने परत घेईल. तिचं नियंत्रण मनावरून उचलून वागण्यावर आणून ठेवायचं. भुंग्या मुलीच्या अखत्यारीत, भुंग्याच्या नावाने घरात जे काही घडेल ते आईच्या अखत्यारीत. ही वाटणी तिला मान्य झाली की अर्धी केस संपली.

मुलीला दुसऱ्या भेटीत, तीस मिनिटं. कोरे कागद, खडू, थोडे ठोकळे, दोन-चार छोट्या बाहुल्या. पहिली दहा मिनिटं फक्त तिच्या खेळाबरोबर राहा. "तो खरा आहे का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. तुझ्याआधी तो घरात पन्नास वेळा विचारला गेला आहे आणि त्याचं बरोबर उत्तर दिलं नाही तर काय होतं हे तिला पाठ आहे. चित्र काढायला सांग. मग साधे प्रश्न: तो केवढा आहे? त्याला काय आवडतं? तू शाळेत गेलीस की तो काय करतो? त्याच्या घरी कोण कोण आहे? तो तुझं ऐकतो का? तुला तो नको असला तर काय करतेस? कुठेतरी मध्येच, तू फारच मन लावून ऐकते आहेस असं दिसलं, की ती तुझी कीव येऊन सांगण्याची शक्यता आहे: "तो खोटाखोटा आहे हं." अशा मुलाखतींत मुलं स्वतःहून हे सांगतात, हे संशोधकांनी नोंदवलं आहे. सांगितलं तर "हो, कळलं मला" एवढंच म्हण आणि खेळ चालू ठेव. आणि हे वाक्य आईकडे पुरावा म्हणून नेऊ नकोस, नाहीतर घरी तेच हत्यार होतं: "तिथे तर कबूल केलंस की!"

भुंग्या तिचं ऐकत नाही, भांडतो, बोलावलं तरी येत नाही, असं ती म्हणाली तर दचकू नकोस. मुलांचे हे सवंगडी बऱ्याचदा आगाऊ असतात, आणि मुलंच त्यांच्याबद्दल तक्रार करतात. ज्याच्याशी भांडताच येत नाही त्याच्याशी खेळायला मजा नाही, एवढंच त्यात आहे. उलटही असतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलीबद्दल नोंदवलेलं उदाहरण आहे. चार वर्षांची होण्याच्या सुमारास तिने पक्ष्यासारखा एक प्राणी मनाने घडवला. तो तिला शिकताना मदत करायचा, मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायला बळ द्यायचा, रडू आलं तर समजूत काढायचा. काही काळाने तो नाहीसा झाला. तेव्हा हा मित्र कायम आईच्या विरोधी पक्षातच बसलेला असतो असं धरून चालू नकोस.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ बघ. तू ती सहज लिहून गेलीस: भुंग्या सात वर्षांचा आहे, त्याची आई त्याला दहापर्यंत जागू देते, आणि त्याला वाटेल ते कपडे घालता येतात. कागदाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे भुंग्याला ज्या ज्या गोष्टींची मुभा आहे त्या लिही, उजवीकडे मुलीला घरात ज्यांची मनाई आहे त्या. उजवी बाजू आईकडून मिळेल, डावी मुलीकडून. दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा कळतं भुंग्या घरात का आला. सात वर्षं हे वयही उगाच नाही. सात वर्षांच्या मुलाला जे करता येतं ते साडेपाचच्या मुलीला हवं असतं. या याद्या आईला तशाच दाखवायच्या नाहीत, तिला ते आरोपपत्र वाटेल. त्यातली एक, सगळ्यात स्वस्त गोष्ट उचल. कपडे. "रोज सकाळी दोन जोड तुम्ही काढून ठेवायचे, त्यातला एक तिने निवडायचा." नियंत्रण आईचंच राहतं, जोड तीच काढते. आणि मुलीला जी निवड आजपर्यंत भुंग्याच्या तोंडून मागावी लागत होती ती तिच्या स्वतःच्या नावावर होते. झोपेच्या वेळेला मात्र हात लावू नकोस. त्या वयात झोप हवीच, आणि तिथे आईचं बरोबर आहे. तिचं बरोबर आहे हे तिला स्पष्ट शब्दांत सांग. हे वाक्य तिने बऱ्याच दिवसांत कोणाकडून ऐकलेलं नसेल.

पहिल्या भेटीनंतर लगेच चौदा दिवसांची नोंदवही दे. रकाने पाचच: वेळ, त्याच्या आधी काय झालं, भुंग्या काय म्हणाला किंवा त्याने काय केलं, मोठ्यांनी काय केलं, मग काय झालं. एका प्रसंगाला दोन ओळींपेक्षा जास्त नको, नाहीतर तिसऱ्या दिवशी लिहिणं थांबतं. या चौदा दिवसांत आईने नवीन काही करायचं नाही, फक्त एक बंद करायचं: "तो नाहीये" हे वाक्य. बाकी जसं चाललंय तसं. आईला हे काम आवडेल, ती तशीही पाळतीवर असतेच. वही परत आली की वेळेचा रकाना आधी बघ. प्रसंग सकाळच्या घाईत आणि झोपण्याआधी साचले असतील तर भुंग्या वेळकाढूपणा करतोय. आई फोनवर बोलत असताना किंवा धाकट्या भावंडाला घेऊन बसलेली असताना साचले असतील तर तो लक्ष मागतोय. दिवसभर विखुरलेले आणि शांत असतील, ज्यात मोठ्यांचा संबंधच नाही, तर मुलगी नुसती खेळतेय आणि भांडण आईने जाऊन सुरू केलं आहे. चौथा रकाना वाचताना आईला स्वतःलाच ते दिसतं, तू बोट ठेवायची गरज नाही.

घरासाठी नियम तीनच करा, आणि तिन्ही वागण्याचे.

पहिला, भुंग्याला जागा आहे, ताट नाही. म्हणजे जेवताना तो बसला तरी चालेल, पण त्याला वेगळं वाढायचं नाही आणि त्याच्यासाठी कोणाला उठवायचं नाही. "आम्ही त्याची वाट बघणार नाही" हेही यातच येतं. निघायची वेळ झाली की निघायचं, भुंग्याचे बूट सापडले असोत वा नसोत.

दुसरा, सांडलं ते पुसायचं. इथे सगळ्यात जास्त घरं घसरतात, म्हणून जरा बारकाईने सांगते. दूध सांडलंय, मुलगी म्हणते "भुंग्याने सांडलं." आई इथे चौकशी मांडते: कोणी? खरं सांग. भुंग्या आहे कुठे? दाखव. आता मुलीपुढे दोनच वाटा उरतात, मित्राला गमवायचं किंवा खोटं वाढवत न्यायचं. आणि साडेपाच वर्षांची पोर दुसरी वाट धरणारच. त्याऐवजी आईने एवढंच म्हणायचं: "दूध सांडलंय. फडकं तिथे आहे. तू पूस, भुंग्याला हवं तर मदत करू दे." आवाज रोजचाच. कोणी सांडलं याचा निकाल लावायचाच नाही. पुसून झालं की विषय संपला, नंतर वडिलांना सांगायचं नाही, रात्री आठवण काढायची नाही. दोषाचं ओझं भुंग्यावर टाकून काहीच वाचत नाही हे मुलीला चार-सहा वेळांत समजतं. मग तो बळीचा बकरा म्हणून कामाला येत नाही. खेळायला येत राहतो, आणि ते चालेल.

तिसरा, दुखवायचं नाही. "भुंग्याने चावायला सांगितलं" हे कारण धरलं जाणार नाही. चावलं त्याचा जो परिणाम आधीच ठरला आहे तोच होईल, आणि तो मुलीला होईल.

नियमांच्या जोडीला रोज दहा मिनिटं. पालक-मूल संवादाच्या उपचारपद्धतींत घरी रोज पाच मिनिटांचा असा खेळ देतात. मी दहा सांगते, कारण ताबेबाज पालकाची पहिली चार मिनिटं स्वतःची जीभ आवरण्यात जातात. मुलगी खेळ ठरवते, आई सोबत बसते. तीन गोष्टी बंद: प्रश्न, सूचना, टीका. ती काय करतेय ते नुसतं बोलायचं: "लाल ठोकळा वर ठेवलास." भुंग्या आला तर "अच्छा, भुंग्या पण आला" इथपर्यंतच. त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, त्याच्या वतीने बोलायचं नाही. घड्याळ लावायचं, दहाव्या मिनिटाला उठायचं. आणि ही वेळ शिक्षा म्हणून कधीही रद्द करायची नाही. हे शेवटचं आईकडून वदवून घे, कारण पहिल्या वाईट दिवशी ती नेमकं हेच करणार आहे. तुझ्यासमोर पाच मिनिटं करून बघायला लाव. बहुतेक पालक पहिल्या मिनिटातच "हा रंग कुठला?" असं विचारतात. हसू नकोस, बोटाने खूण कर आणि चालू ठेव.

आता बिघडतं कुठे ते. बंदी घातली की मित्र जातो असं वरवर दिसतं, प्रत्यक्षात तो लपतो. मुलगी न्हाणीघरात जास्त वेळ लावते, पांघरुणाखाली ओठ हलतात, आई दारात आली की आवाज बंद होतो. आई तुला अभिमानाने सांगेल, "आठवडाभर नाव नाही काढलं." तेव्हा या खुणा विचार. मुलीने या काळात काय शिकलं तर मनातलं आईला सांगायचं नाही. साडेपाचाव्या वर्षी शिकलेला हा धडा तेराव्या वर्षी आईला महागात पडतो, आणि हा मुद्दा तिला पटतो, कारण तेरावं वर्ष तिच्याही डोक्यात असतं.

दाबलेला विचार उसळतो हे पटवायला एक जुना प्रयोग कामाला येतो. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर अस्वल अधिकच डोकावू लागलं. भेटीत आईला म्हण, "एक मिनिट भुंग्याचा विचार करायचा नाही, आला की टेबलावर टिचकी." ती स्वतःच हसते. वातावरण हलकं होतं, त्यापलीकडे त्याचा आधार घेऊ नकोस. तो प्रयोग मुलांवरचा नाही.

काही पालक बंदी घालत नाहीत, भुंग्याला मारून टाकतात. "तो गावाला गेला, आता येणार नाही," किंवा त्याहून वाईट, "तो मेला." मुलीला तो खोटाखोटा असल्याचं माहीत असतं, पण दुःख खोटं नसतं. शिवाय आईने खेळात घुसून तिच्या परवानगीशिवाय शेवट केला हे ती विसरत नाही. मुद्दाम भुंग्याच्या जागेवर बसणं, पाहुण्यांसमोर "सांग ना तुझ्या मित्राबद्दल" म्हणून हशा पिकवणं, हेही त्याच जातीचं. सगळ्यात गोड दिसणारी चूक म्हणजे भुंग्याला हाताशी धरणं: "बघ, भुंग्याने सगळी भाजी संपवली." दोन दिवस चालतं. मग मुलीच्या लक्षात येतं की तिचा माणूस फितूर झाला. ती नवा निर्माण करते, आणि त्याचं नाव आईला सांगत नाही.

नियम लागू झाल्यावर पहिल्या आठवड्यात भुंग्या मोठा होईल. जास्त बोलेल, जास्त मागेल, कदाचित एक बहीणही घेऊन येईल. ज्या युक्तीने आजवर काम झालं ती थांबली की मूल आधी ती जोरात करून बघतं. आईला हे आधीच सांगून ठेव, तारखेसह: "या शुक्रवारपर्यंत वाढेल, तेव्हा मला फोन करा, नियम बदलू नका." न सांगता वाढलं तर ती म्हणेल, "बघा, तुमच्या लाडाने बिघडलं."

धोक्याच्या खुणांसाठी वेगळं पान ठेव आणि प्रत्येक केसमध्ये भर, कितीही खेळकर दिसो. मित्र तिला घाबरवतो का? नकोसा झाला तरी तिला त्याला थांबवता येत नाही, आवाज बाहेरून कानात येतो असं ती सांगते का? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचे हुकूम देतो का? आधी येत असलेलं काही गेलं आहे का, बोलणं, शी-शूवरचा ताबा, अक्षरं? खऱ्या मुलांबरोबर खेळायची संधी असूनही ती आठवडेच्या आठवडे टाळते का? यातलं काही असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे. तेरा वर्षांच्या आत स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मनोविकार, अतिशय दुर्मिळ आहे, तेव्हा आईसमोर तो शब्द उच्चारू नकोस, पण पाठवायला दिरंगाईही करू नकोस. टक लावून बसते, हाक मारली तरी उत्तर नाही, ओठ चाटते, मग काही झालंच नाही अशी पुढे खेळते, असं असेल तर तो सवंगडी नसून फिटचा प्रकार असू शकतो. बालमेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठव आणि आईला मोबाइलवर चित्रण करून न्यायला सांग. ताप, नवं औषध, तुटलेली झोप यांची चौकशी तारखा लावून कर. दम्यासाठी देतात त्या माँटेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च 2020 मध्ये मनावरच्या दुष्परिणामांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि त्या दुष्परिणामांत भास होणंही आहे. औषध सुरू असेल तर आईने ते स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं.

आणखी एक खूण, जी नवखी माणसं हमखास चुकवतात. 'मित्र' तिला गुपित ठेवायला सांगतो, भेटवस्तू देतो, ती वस्तू खरोखर घरात सापडते, किंवा त्या वयाच्या मुलीला ठाऊक नसाव्यात अशा शरीराच्या गोष्टी त्याच्या तोंडी येतात. तेव्हा भुंग्या खरा माणूस असू शकतो. प्रश्न विचारून तपास करत बसू नकोस. तिने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिही, त्याच दिवशी वरिष्ठांना सांग आणि बालसंरक्षणाची जी पद्धत तुमच्याकडे ठरलेली आहे ती चालू कर. आईच्या हातून मारहाण होते का, खोलीत कोंडलं जातं का, जेवण तोडलं जातं का, हेही थेट विचार: "शेवटचा हात कधी उचलला? कशाने?" उत्तर गंभीर असेल तर वर लिहिलेले नियम, दहा मिनिटं, सगळं बाजूला. मग हे समुपदेशनाचं काम उरत नाही.

या कारणासाठीच गुप्ततेची मर्यादा आईला पहिल्याच भेटीत सांगायची, आणि मुलगी येईल तेव्हा तिला समजेल अशा शब्दांत तिलाही. मुलगी खेळात जे बोलेल ते आईला मिळणार नाही. तिला कोणी दुखवतंय असं कळलं तर मात्र मी ते स्वतःजवळ ठेवणार नाही. आई दाराशी थांबून "काय म्हणाली?" विचारेलच. "खेळली छान. तुमच्यासाठीचं काम पुढच्या भेटीत बोलू" एवढं उत्तर तयार ठेव.

वडिलांबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते भुंग्याशी गप्पा मारत असतील आणि आई बंदी घालत असेल, तर भांडण भुंग्यावरून नाही. दोघांनी मिळून तेच तीन नियम पाळायचे, वडिलांनी भुंग्याचा वकील व्हायचं नाही. एवढंही दोघांना एकत्र जमत नसेल तर त्यांना दुसऱ्याकडे पाठव, तुझ्या मुलीच्या तासात ते घेऊ नकोस.

सहा भेटी धर: पहिल्या चार दर आठवड्याला, शेवटच्या दोन पंधरवड्याने. केस कधी संपवायची हे आत्ताच आईशी ठरव, आणि मोजमाप 'भुंग्या गेला' हे ठेवू नकोस. ते तुझ्या हातात नाही, तिच्याही नाही. आठवड्यात भुंग्यावरून किती भांडणं झाली ते मोज. नोंदवहीतून सुरुवातीचा आकडा मिळेल. तो अर्ध्यावर आला आणि तीन आठवडे तिथे टिकला, तर थांबायला हरकत नाही, कपाटावर कोणी राहत असो वा नसो.

पहिल्या भेटीचं टिपण मला पाठव. पाच वर्षांनी काय होईल या प्रश्नाला आई जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिही, तुझं अनुमान खाली वेगळ्या परिच्छेदात. आणि मुलीने काढलेल्या चित्राच्या मागे तारीख घालायला विसरू नकोस.